पैसे वसूल कशाला म्हणायचे?

व्हिडिओ गेमची बाजू घेणारे लोक एक हिशोब हटकून मांडतात. मल्टिप्लेक्सचे तिकीट तीनशे रुपये आणि सिनेमा अडीच तासांचा धरला, तर करमणुकीचा एक तास १२० रुपयांना पडतो. नाटकाचे तिकीट चारशेचे असेल तर तासाला १६० रुपये. उलट ‘स्टारड्यू व्हॅली’सारखा गेम सुमारे पाचशे रुपयांना मिळतो आणि त्यातले पडीक शेत पिकते करण्यात, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवण्यात शंभर तास सहज जातात, म्हणजे तासाला पाच रुपये. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चित्रे, संगीत, संवाद आणि प्रोग्रॅमिंग असे सगळे एकहाती करून हा गेम २०१६ साली बाजारात आणला, आणि पुढच्या मोठ्या सुधारणा आधी गेम घेतलेल्यांना फुकट दिल्या. गेम म्हणजे पैशांचा चुराडा असे ज्या घरांत ठामपणे मानले जाते, तिथे हा हिशोब एकदा मांडला जायलाच हवा. तरीही माझे म्हणणे असे की, यातला निष्कर्ष बरोबर असला तरी माप चुकीचे आहे. चांगला गेम पैसे वसूल करून देतो, पण त्याचे कारण तासांच्या संख्येत सापडत नाही. शिवाय रुपयाला जास्तीत जास्त तास हे माप एकदा मान्य केले, की त्याच मापाने सगळ्यांत वाईट गेम पहिल्या नंबरवर येऊन बसतात.

आधी हिशोबच तपासू. त्यात यंत्राची किंमत धरलेली नसते. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या अखेरीस त्याची किंमत ५४,९९० झाली. मोठ्या कंपनीचा नवा गेम साधारण पाच हजारांना पडतो. समजा एखाद्याने कन्सोल पाच वर्षे वापरला आणि वर्षाला तीन नवे गेम घेतले, तर गेमचे ७५,००० आणि कन्सोलचे ५५,००० मिळून एक लाख तीस हजार होतात. तो आठवड्याला सहा तास खेळत असेल तर पाच वर्षांत १,५६० तास भरतात, म्हणजे तासाला ८३ रुपये. टीव्ही, वीज आणि ऑनलाइन खेळण्याची वर्गणी धरली की हा आकडा सिनेमाच्या तिकिटाला जवळजवळ जाऊन टेकतो. पण हाच हिशोब दुसऱ्या घरात अगदी वेगळा येतो. चौघांच्या कुटुंबाला सिनेमाची चार तिकिटे लागतात, कन्सोल मात्र एकच पुरतो. ज्या घरात अभ्यासासाठी किंवा कामासाठी कॉम्प्युटर आधीच आहे, तिथे यंत्राचा वेगळा खर्च जवळपास नसतोच. नवा गेम आल्या दिवशी न घेता वर्ष-दोन वर्षे थांबणाऱ्याला तोच गेम सेलमध्ये निम्म्याहून कमी किमतीला मिळतो. तेव्हा गेम बहुधा स्वस्त पडतात एवढेच म्हणता येईल. किती स्वस्त, हे कोण खेळतो, कशावर खेळतो आणि कधी विकत घेतो यावर ठरते.

खरी अडचण आकड्यांच्या पलीकडची आहे. नेटफ्लिक्सचा मोबाइलवरचा प्लॅन डिसेंबर २०२१ पासून महिना १४९ रुपयांचा झाला; रोज एक तास पाहिले तरी तासाला पाचच रुपये पडतात. घरातला कॅरम बोर्ड वीस वर्षे टिकतो, गावच्या वाचनालयाची वर्गणी किरकोळ असते, आणि मोबाइलवरच्या रील्स तर डेटा सोडला तर फुकट आणि न संपणाऱ्या. रुपयाला किती तास हाच निकष असेल तर रील्ससमोर जगातला कोणताही गेम, कोणतेही पुस्तक, कोणतीही मैफल टिकणार नाही. रील्स ही माणसाने शोधलेली सर्वोत्तम करमणूक आहे, असे तासन् तास त्या पाहणारा माणूसही म्हणणार नाही. जेवणाची प्रत किलोवर ठरवावी, तसे हे माप आहे. ते वजन सांगते, चव सांगत नाही.

या मापाने गेमचेही नुकसान केले आहे. ग्राहक तास मोजतो हे कळल्यावर निर्मातेही तास भरू लागले. २००९ च्या ‘असॅसिन्स क्रीड २’मध्ये शहराशहरांतून विखुरलेली शंभर पिसे गोळा करण्याचे काम होते, पुढच्या काळात मोठमोठे नकाशे आणि त्यांवर पसरलेल्या शेकडो एकसारख्या खुणा हा मोठ्या गेमचा ठरलेला साचाच झाला. जानेवारी २०२२ मध्ये टेकलँड या पोलिश कंपनीने ‘डाइंग लाइट २’ पूर्णपणे संपवायला किमान ५०० तास लागतील अशी जाहिरात केली. कंपनीला वाटले होते की ग्राहक खूश होतील. झाले उलटेच. नोकरी आणि संसार सांभाळून खेळणाऱ्या असंख्य लोकांनी नाराजी व्यक्त केली, आणि मुख्य कथा २० तासांत संपते असा खुलासा कंपनीला करावा लागला. तासांचे आमिष त्या दिवशी खुद्द खेळणाऱ्यांनीच नाकारले. त्यांना जे उमगले होते ते अर्थशास्त्रात जुनेच आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या वाटपावरच्या आपल्या निबंधात दाखवून दिले की कोणत्याही उपभोगाची पूर्ण किंमत म्हणजे त्यासाठी मोजलेले पैसे अधिक त्यावर खर्च झालेला वेळ. हे मान्य केले की तास हा मिळकतीच्या रकान्यातून उचलून खर्चाच्या रकान्यात टाकावा लागतो. मुंबईत लोकलने जाऊन-येऊन रात्री घरी पोचणाऱ्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम तास-दीड तास स्वतःचा मिळतो. त्याला शंभर तासांचा गेम विकणे म्हणजे त्याच्या दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी मागणे. तो सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे प्रत्येक संध्याकाळी त्याला काय मिळाले यावर ठरेल.

म्हणून मी पैसे वसूल होण्याचे माप तीन प्रश्नांत मांडीन. एकूण किती पैसे जाणार हे आधी कळते का? दिलेल्या तासात असे काही मिळते का, जे दुसरीकडे मिळत नाही? आणि थांबावेसे वाटले की थांबता येते का? हे तिन्ही प्रश्न गेमइतकेच सिनेमा, नाटक आणि पुस्तकालाही लागू पडतात. त्यांच्या कसोटीवर काही गेम अतिशय वर चढतात आणि काही इतके खाली जातात की त्यांना करमणूक म्हणायला जीभ धजत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण गेमची खरी ताकद तिथे आहे. २०२३ साली आलेला ‘वेन्बा’ हा कॅनडातल्या स्टुडिओने केलेला छोटा गेम घ्या. १९८० च्या दशकात टोरांटोला गेलेल्या एका तमिळ कुटुंबाची ही गोष्ट. आईने दिलेली पाककृतींची वही जीर्ण झाली आहे, पाने फाटली आहेत, अक्षरे पुसली आहेत. खेळणाऱ्याला उरलेल्या अर्ध्या ओळींवरून आणि चित्रांवरून ओळखायचे असते की इडलीपात्रातल्या ताटल्या कशा रचायच्या, कशानंतर काय टाकायचे. चुकले तर पदार्थ बिघडतो आणि पुन्हा करावा लागतो. परदेशात वाढलेल्या मुलाच्या हातून भाषा आणि चव हळूहळू कशी निसटते, हे सिनेमाही दाखवू शकतो आणि कादंबरीही सांगू शकते. इथे मात्र ती हरवलेली ओळ शोधण्याचे काम तुमच्या हाताला लागलेले असते. विस्मरण काय असते हे पाहण्याऐवजी तुम्ही त्याच्याशी झटता. हा गेम दीड-दोन तासांत संपतो. रुपया-तासाच्या हिशोबात तो सपशेल नापास होईल. माझ्या हिशोबात तो शंभर तासांच्या पिसे-वेचणीपेक्षा कितीतरी वसूल आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० साली केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ही असाच काही तासांत संपतो. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी तिची कथा, आणि भारतीय महालांची आठवण देणारी दृश्ये यांतून तो जे उभे करतो, त्याला लांबीची गरज नव्हती.

हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टिबोर सितोव्हस्की यांनी १९७६ च्या ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ या पुस्तकात सुखसोय आणि आनंद यांत फरक केला. सुखसोय आयती मिळते आणि लवकर अंगवळणी पडते. टिकाऊ आनंदाला मात्र आव्हान लागते आणि ते पेलण्याचे कसब कमवावे लागते. रागदारीचा कान घडवावा लागतो, क्रिकेट कळायला ते थोडेफार खेळावे लागते. चांगला गेम हे कसब स्वतःच शिकवतो. अवघड जागी तो तुम्हाला दहादा हरवतो आणि अकराव्यांदा जिंकता तेव्हा गेम तोच असतो, बदललेले असता तुम्ही. निष्क्रियपणे पाहण्याच्या करमणुकीत ही गोष्ट क्वचितच घडते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली सात गेमच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास केला. खेळाडूंच्या सांगण्यावर विसंबून न राहता त्यांनी कंपन्यांकडून प्रत्यक्ष खेळलेल्या तासांची माहिती घेतली. त्यांना दिसले की किती वेळ खेळले याचा मनःस्वास्थ्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. स्वतःच्या आवडीने खेळणारे आणि खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून खेळणारे यांच्यात मात्र फरक पडतो. म्हणजे तासांची संख्या इथेही महत्त्वाची ठरत नाही.

यावर नाट्यप्रेमी आणि वाचक एक रास्त आक्षेप घेतील. करमणूक अशी तराजूत घालायची झाली तर रंगभूमी कायमच हरेल, मग काय नाटके बंद करायची? या आक्षेपाचे उत्तर किमतीच्या घडणीतच आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली दाखवले की सादरीकरणाच्या कला इतर उद्योगांच्या तुलनेत महाग होतच जाणार, कारण त्यांत माणसांचे श्रम वाचवता येत नाहीत. शिवाजी मंदिरातला प्रयोग असो की बालगंधर्व रंगमंदिरातला, प्रत्येक वेळी नेपथ्य लावावे लागते, नटांना उभे राहावे लागते, प्रकाशयोजना नव्याने चालवावी लागते. शंभरावा प्रयोग पहिल्याइतकीच माणसे मागतो. गेमचे उलटे असते. बनवताना काही वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो, पण एकदा तयार झाल्यावर दहा लाखावी प्रत जवळजवळ फुकट निघते. तिकीट महाग आणि गेम स्वस्त, यावरून नाटक कमी मोलाचे ठरत नाही. फक्त दोन कलांचे उत्पादन वेगळ्या रीतीने होते एवढेच कळते. माझ्या तीन प्रश्नांवर नाटक उत्तम उतरते: तिकिटावर छापलेला आकडा हाच त्याचा पूर्ण आकडा, जिवंत माणसांसमोर बसण्याचा अनुभव दुसरीकडे न मिळणारा, आणि पडदा पडला की प्रेक्षक मोकळा. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या प्रश्नाला थोडा धक्का बसतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला मनाई करण्याचा सिनेमागृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केल्यामुळे, मुलांना घेऊन गेलेल्या कुटुंबाचा खरा खर्च तिकिटाच्या बराच पुढे जातो. पण तोही दाराशी दिसतो तरी.

फुकट म्हणवणाऱ्या मोबाइल गेममध्ये हा खर्च दिसतच नाही, आणि माझा मुख्य राग त्यांच्यावर आहे. २०१२ साली मोबाइलवर आलेल्या ‘कँडी क्रश सागा’ची रचना जवळून पाहा. खेळाडूला पाच जीव मिळतात. एक गेला की तो परत यायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की थांबा, मित्रांकडे मागा, नाही तर पैसे द्या. डाव अगदी एका घरासाठी हुकला की लगेच विचारणा येते: आणखी पाच चाली हव्यात का? माणूस सर्वांत हळवा असतो नेमक्या त्या क्षणी दुकान उघडते. २०२० च्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये हेच तंत्र अधिक चकचकीत झाले. हवे असलेले पंचतारांकित पात्र नशिबाच्या सोडतीतून मिळवायचे. एका सोडतीत पंचतारांकित काही लागण्याची शक्यता ०.६ टक्के, आणि ९० सोडतींत एक नक्की. एका सोडतीला गेममधली १६० रत्ने, म्हणजे ९० सोडतींना १४,४००. त्यातही पहिल्या वेळी हवे ते पात्र न निघता दुसरेच निघू शकते. तसे झाले तर मोजणी पुन्हा शून्यापासून. रत्ने खेळून थोडी थोडी मिळतात, लवकर हवी असतील तर पैशाने घ्यावी लागतात. रुपये आणि सोडत यांच्यामध्ये हे रत्नांचे चलन मुद्दाम घातलेले असते, म्हणजे आपण किती रुपये उडवले हे चटकन ध्यानात येऊ नये. अशा गेमला एकूण किती खर्च येईल, या प्रश्नाला उत्तरच नाही. कुणाला शून्य, कुणाला लाख. थांबता येते का, तर रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस आणि चुकवणाऱ्याला नुकसान, अशी सोय करून थांबणेच महाग केलेले असते.

हा केवळ रुचीचा प्रश्न नाही, हे वेगवेगळ्या देशांच्या नियामकांनीही ओळखले आहे. सोडतीतून पूर्ण संच जमवायला लावणाऱ्या पद्धतीला जपानच्या ग्राहक संस्थेने २०१२ मध्ये बेकायदा ठरवले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगारात गणले. ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड केली; त्यातले २४.५ कोटी डॉलर, बटणांच्या फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी झालेल्यांना परत देण्यासाठी होते. भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळे काढून मान्यता दिली. हा भेद योग्यच आहे. पण पैसे लावून पैसे जिंकणे आणि पैसे देऊन नुसती आशा विकत घेणे यांतला फरक ज्याचे मूल बळी पडले त्या आईबापांना फारसा जाणवत नाही. त्या दुसऱ्या प्रकारावरही स्पष्ट नियम हवेत.

एकदाच पैसे देऊन घेतलेल्या गेमलाही एक खोट आहे, आणि ती लपवून त्यांची वकिली करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डिस्क विकत घेतली तर ती मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते. डाउनलोड केलेल्या गेममध्ये आपल्या हातात फक्त वापरण्याचा परवाना येतो. युबिसॉफ्टने २०१४ चा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम मार्च २०२४ अखेर सर्व्हर बंद करून संपवला. एकट्याने खेळणाऱ्यांनाही तो उघडेनासा झाला, कारण तो कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानांना बंधन घातले की अशा मालाला ‘खरेदी’ म्हणायचे असेल तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आजोबांच्या कपाटातले पुस्तक नातवाला वाचता येते. गेमच्या बाबतीत ती हमी आज नाही. किमतीचा विचार करताना ही उणीव वजा करावीच लागेल. पण तिचे मूळ विक्रीच्या अटींत आहे, आणि अटी कायद्याने बदलता येतात.

व्यसनाचे काय, हा प्रश्न उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमच्या विकाराला स्थान दिले आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. २०१७ साली अमेरिकेतील चार अर्थशास्त्रज्ञांनी असेही मांडले की घरबसल्या मिळणारी करमणूक इतकी सुधारली की तरुण पुरुषांचे कामाचे तास घटण्यामागे तिचाही हात असावा. हे आक्षेप मला गंभीर वाटतात, आणि ते माझ्या म्हणण्याला बळच देतात. करमणूक रुपयांत जितकी स्वस्त, तितका तिच्यातला वेळेचा खर्च नजरेआड होतो. म्हणून तर तासांवरून मोल ठरवू नये असे मी म्हणतो. दुसऱ्याच्या तासाचे मोल ठरवणारे तुम्ही कोण, असा आणखी एक सवाल केला जाईल. ते ज्याचे त्यानेच ठरवावे हे मला मान्य आहे. दिवसभर रुग्णांची सेवा करून आलेल्या नर्सला रात्री डोके रिकामे करणारा साधा जुळवाजुळवीचा गेम हवा असेल, तर तिचा तो अर्धा तास पूर्ण वसूल आहे. माझी अट एवढीच, की निवाडा तिचा असावा. तिला थांबू न देण्यासाठी नेमलेल्या माणसांच्या टोळीचा नसावा.

यातून काही व्यवहारी गोष्टी निघतात. गेम घेताना तो किती तासांचा आहे हे विचारण्याआधी तो एकूण केवढ्याला पडेल आणि संपतो का, हे विचारावे. मूल गेमसाठी हट्ट धरते तेव्हा पाचशे रुपयांचा पूर्ण गेम नाकारून फुकटचा गेम डाउनलोड करून देणारे आईवडील काटकसर करत नाहीत. ते मुलाला अधिक महाग दुकानात सोडून येतात. सरकारने सोडतीची शक्यता, दरमहा खर्चाची मर्यादा आणि सर्व्हर बंद झाल्यावर गेमचे काय होणार याची माहिती विक्रीच्या वेळीच देणे सक्तीचे करावे. आणि आपल्या वाचनालयांनीही या कलेकडे पाहावे. हेलसिंकीचे ‘ऊदी’ हे ग्रंथालय २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडले, तेव्हापासून तिथे पुस्तकांबरोबर गेम खेळण्याच्या खोल्याही आहेत. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी हजारो ग्रंथालये आहेत, आणि कथा-कादंबरी परवडत नाही अशा वाचकापर्यंत ती पोचवण्याचे काम त्यांनी पिढ्यान् पिढ्या केले आहे. तालुक्याच्या वाचनालयात एक कन्सोल, दोन कंट्रोलर आणि निवडक वीस गेम ठेवले, तर यंत्राच्या खर्चाची सर्वांत मोठी अडचण संपेल आणि मुलांना फुकट म्हणवणाऱ्या सापळ्यांपलीकडचे चांगले गेमही माहीत होतील. चांगल्या व्हिडिओ गेमने उत्तम पुस्तकाच्या आणि नाटकाच्या शेजारी बसण्याचा मान मिळवला आहे. तो टिकवायचा असेल तर खेळणाऱ्याचा वेळ ही विकाऊ वस्तू नाही, हे निर्मात्यांना ठणकावून सांगणारा ग्राहक आपल्याला घडवावा लागेल.